ताडी, माडी आणि अबकारी

मद्य म्हटलें कीं भट्टी, पिंपें, नळ्या आणि धूर हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. कोंकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतकें प्यालें गेलेलें एक पेय मात्र असें आहे कीं, त्याला यांपैकीं कांहींएक लागत नाहीं. झाडाच्या शेंड्याशीं मडकें बांधावें, रात्रभर त्यांत रस ठिबकूं द्यावा आणि सूर्य वर येऊं द्यावा, बस्स. पहाटे जो रस शहाळ्याच्या पाण्याहूनही गोड लागतो, तोच दोन प्रहरीं आंबूस होतो, फेंसाळतो आणि डोक्यांत चढतो. दुसरा दिवस मावळेपर्यंत त्याचा शिरका होऊं लागतो. माडाच्या रसाची ती माडी, ताडाच्या रसाची ती ताडी, शिंदीच्या झाडाची ती शिंदी. नांवें तीन, परंतु प्रकार एकच. त्यांत कोणी विरजण घालीत नाहीं, साखर घालीत नाहीं, जाळ लावीत नाहीं.

ज्या पेयाच्या घडणींत माणसाचा हात इतका थोडा, त्याच पेयावर सरकारचा हात मात्र गेल्या दीडशें वर्षांत फार जड पडला आहे. भट्टीला कुलूप लावतां येतें, पिंप मोजतां येतें. पण जें पेय झाडावर आपोआप आंबतें त्याला कुलूप कोठें लावावयाचें? मुंबई सरकारच्या अबकारी खात्यानें या प्रश्नाचें जें उत्तर १८७८ सालीं काढलें, तें सबंध किनाऱ्यास भोगावें लागलें. पनवेल आणि उरण यांच्यामधील खाडीपट्टींत तें विशेष स्पष्टपणें दिसतें.

याच खाडीपट्टींत गव्हाण हें गांव आहे. पनवेलच्या खाडीच्या दक्षिण अंगास, उरणच्या वाटेवर. खारी जमीन, भातशेती, मिठागरें, मागें डोंगराच्या सोंडा, आणि पाण्यापलीकडे मुंबई, असा हा टापू. १८८३ पर्यंत पनवेल तालुका ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. त्या वर्षीं तो कुलाबा जिल्ह्यास जोडण्यांत आला, आणि १९८१ पासून कुलाब्याचें नांव रायगड झालें. मुंबई जवळ म्हणून येथील मीठ, मासळी आणि तांदूळ गलबतांतून तिकडे जात. दारूही जाई, कारण उरण हें मोहाच्या दारूच्या भट्ट्यांचें मोठें ठिकाण होतें. पंचमहालांतून वाळलेल्या मोहाच्या फुलांचीं पोतीं येत, उरणास पारशी व्यापाऱ्यांच्या भट्ट्यांत त्यांची दारू गाळली जाई, आणि ती मुंबईच्या गुत्त्यांत विकली जाई. म्हणजे एकाच टापूंत दोन मद्यें शेजारीं शेजारीं नांदत होतीं. एक झाडावर आंबणारें, तेथल्या तेथें खपणारें. दुसरें भट्टींतून निघणारें, दूरच्या बाजारांत जाणारें. पुढचा सारा झगडा या दोहोंमधला आहे.

झाडावरून रस उतरविण्याचें काम खालून पाहणाराला सोपें वाटतें. तें तसें मुळींच नाहीं. माडाची पोय उमलण्यापूर्वीच ती घट्ट आवळून बांधतात, म्हणजे फुटत नाहीं. मग कित्येक दिवस तिला हलक्या हातानें ठोकीत राहावयाचें. ठोकणें फार झालें तर पोय नासते, कमी झालें तर रस उतरत नाहीं. किती ठोकावें हें हातालाच कळतें. त्यानंतर धारदार कोयत्यानें टोंकाची पातळ चकती उतरवावयाची आणि पोय वांकवून तिचें टोंक मडक्याच्या तोंडांत सोडावयाचें. कापलेली जागा सुकली कीं रस थांबतो, म्हणून ती रोज ताजी करावी लागते. सकाळीं चढणें, संध्याकाळीं चढणें, आणि कित्येकदां दोन प्रहरींही. असें एका झाडावर नव्हे, दहा-पंधरा झाडांवर. एक माड दिवसाकांठीं सामान्यतः लिटर-दोन लिटर रस देतो, आणि ज्या पोयीचा रस काढला तिला नारळ धरत नाहींत. ताडाचें झाड माडाहून सरळ आणि चढण्यास अवघड. त्याच्या फुलोऱ्याचे दांडे चेंचून रस घेतात. शिंदीची रीत निराळी. तेथें फुलोऱ्यास हात न लावतां शेंड्याखालचा कोंवळा बुंधा तासतात, आणि तासलेल्या जागेंतून रस पाझरतो. साठ फूट उंचीवर एका हातानें झाड कवटाळून दुसऱ्या हातानें कोयता चालवावयाचा, आणि कमरेला भरलेलें भांडें अडकवून खालीं यावयाचें. ताडीच्या किंमतींत हा धोका कोणी धरीत नाहीं.

खालीं आलेला रस आंबण्यास कोणाची वाट पाहत नाहीं. त्यांत शेंकडा दहा ते पंधरा भाग साखर असते. मडक्याच्या भिंतींत आदल्या दिवसाचा जो गाळ मुरलेला असतो त्यांत किण्व असतें. कांहीं वाऱ्याबरोबर येतें, कांहीं रसावर तुटून पडणाऱ्या माश्या-मुंगळ्यांच्या अंगावरून येतें. त्याच्या जोडीला कांहीं सूक्ष्म जंतूही कामाला लागतात. मेक्सिको देशांत घायपाताच्या जातीच्या झाडापासून पुल्के नांवाचें पेय करतात. त्यांत सांपडलेला झायमोमोनास नांवाचा जंतु ताडींतही असतो. हे सगळे मिळून दुपारपर्यंत रसांत शेंकडा चार-पांच भाग मद्यार्क उत्पन्न करतात आणि त्याच वेळीं त्यास आंबटपणाही आणतात. रस गोडच ठेवावयाचा असेल तर मडक्याला आंतून चुना फांसतात. चुन्यामुळें किण्वाचें कांहीं चालत नाहीं. ती नीरा. मडक्यांत चुना असला तर नीरा, नसला तर ताडी. या चुन्याच्या हातावर पुढें कायद्याचीं कलमें उभीं राहिलीं.

आंबणें ही सजीवांची करामत आहे हें फ्रान्सांत लुई पाश्चर यानें १८५७ पासूनच्या प्रयोगांनीं दाखविलें आणि १८६६ सालीं द्राक्षमद्यावर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १८८३ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत एमिल हान्सेन यानें बिअरचें किण्व एका पेशीपासून वाढवून शुद्ध करून दाखविलें. तेव्हांपासून युरोपांतील मद्यनिर्मिती उत्तरोत्तर बेताची व हिशेबाची होत गेली. निवडलेलें किण्व, मोजलेली उष्णता, जंतु मारण्यास गंधकाचा वायु, गाळणें, पारखणें. तिचा कंटाळा आलेले लोक तिकडेच निघाले. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यांत, स्लोव्हेनियाच्या सरहद्दीलगत, ओस्लाविया नांवाचें गांव आहे. तेथील योश्को ग्राव्नर या द्राक्षबागाइतदारानें आधुनिक यंत्रसामग्री प्रथम आणिली आणि मग ती बाहेर काढली. २००१ च्या हंगामापासून तो जॉर्जिया देशांतून आणविलेल्या, जमिनींत पुरलेल्या मोठ्या मातीच्या रांजणांत द्राक्षें सालींसकट आंबवूं लागला. किण्व विकत आणावयाचें नाहीं. सालीवर आणि तळघरांत जें आहे त्यानेंच काम करावयाचें. रांजणांतील मद्याची ही जॉर्जियन रीत २०१३ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या परंपरांच्या यादींत घातली. अशा मद्याच्या बाटल्यांना आज जगभर गिऱ्हाइकें आहेत. मातीचें भांडें, घरचें किण्व, बाहेरून कांहीं न घालणें, हीं ज्या मद्याचीं भूषणें मानलीं जातात, त्याच वर्णनाचें पेय गव्हाणच्या आसपासच्या झाडांवर रोज पहाटे तयार होत असे, आणि तें पिणाराला कोणी रसिक म्हणत नसे.

एक भेद मात्र विसरतां कामा नये. द्राक्षाचें मद्य वर्षानुवर्षें टिकतें, बाटलींत बसून समुद्र ओलांडतें. ताडी दीड दिवसही टिकत नाहीं. ती झाडाजवळच विकली पाहिजे, त्याच दिवशीं प्यालीं पाहिजे. म्हणून तिचा मोठा व्यापार उभा राहिला नाहीं, तिचीं कोठारें झालीं नाहींत. कर घेणाराला जें कोठार हवें असतें, तेंच येथें नव्हतें.

पोर्तुगीज अंमलांत या पेयाच्या नोंदी सांपडतात. गोव्यास राहिलेला वैद्य गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांतच छापलेल्या आपल्या औषधीविषयक संवादांत माडाचें वर्णन केलें आहे. कांहीं माड फळासाठीं राखतात व कांहीं सुरेसाठीं, आणि ती सुरा गाळून अर्क काढतात, असें तो सांगतो. हा मनुष्य मुंबई बेटाचा खंडकरी होता, तेव्हां त्याला ही गोष्ट ऐकीव नव्हती. पोर्तुगीज लोक ताडाला ‘ब्राव्हा’, म्हणजे रानटी माड, म्हणत. त्याचें इंग्रजांनीं ‘ब्रॅब’ केलें, आणि अबकारीच्या कायद्यांत अजूनही तो शब्द भेटतो. ‘ताडी’ या आपल्या शब्दाचें ‘टॉडी’ होऊन तो विलायतेस गेला, तेथें स्कॉटलंडांत ऊन पाणी व साखर घातलेल्या व्हिस्कीचें नांव होऊन बसला. ज्याला जाळ लागत नाहीं त्या पेयाचें नांव वाफाळणाऱ्या पेल्याला मिळावें, ही शब्दांची मौज.

माड-ताडाचें हें काम किनाऱ्यावर मुख्यतः भंडारी समाजाकडे होतें. भंडारी या नांवाची व्युत्पत्ति कोणी भांडारापासून लावतात, कोणी मद्य गाळणाराच्या जुन्या संस्कृत नांवापासून. वाद संपलेला नाहीं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर यानें बेटाच्या रखवालीसाठीं जी शिबंदी उभी केली तींत भंडाऱ्यांचाच भरणा होता. उंच झाडावरून जगाकडे पाहणारा, हातांत कोयता बाळगणारा आणि कोणाच्या शेतावर न राबणारा हा माणूस स्वभावानें बराच स्वतंत्र होता. त्याच्या रसाचे उपयोगही केवळ पिण्यापुरते नव्हते. आटवून गूळ होई, मुरवून शिरका होई. गोव्यांत आणि वसईकडे पावाचें व सान्नांचें पीठ याच रसानें फुगवीत. बाजारांत बेकरीचें यीस्ट मिळूं लागेपर्यंत कित्येक भट्ट्यांचा पाव माडीवरच वर येत असे. मुंबईच्या न्याहारीच्या पावाचें मूळ शोधूं गेल्यास तें अशा एखाद्या मडक्यांत सांपडेल.

१८७८ सालीं मुंबईचा अबकारी कायदा झाला. तो त्या वर्षाचा पांचवा कायदा. त्याच्या मागें चार्ल्स प्रिचर्ड या अंमलदाराची बुद्धि होती. जकात, मीठ, अफू आणि अबकारी हीं चारही खातीं एका कमिशनराच्या हाताखालीं होतीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. खाडीकांठच्या माणसाचें मीठ आणि त्याची ताडी यांवर एकाच कचेरीची नजर होती. धोरण असें ठरलें कीं, गांवोगांवच्या लहान भट्ट्या बंद करावयाच्या, दारू मोठ्या ठिकाणीं एकत्र गाळावयाची, तेथेंच तिच्यावर कर घ्यावयाचा, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ती विकण्याचा मक्ता द्यावयाचा. मक्तेदारानें सरकारला ठराविक उत्पन्नाची हमी द्यावयाची. उरणसारख्या जागेला या व्यवस्थेंत महत्त्व आलें यांत नवल नाहीं.

परंतु ही सारी घडी एका गोष्टीनें विसकटत होती. ज्याला जवळच्या झाडाखालीं कमी पैशांत ताडी मिळते तो मक्तेदाराची महाग दारू कशाला घेईल? आणि दारू खपली नाहीं तर मक्तेदार हमी कशी पाळील? म्हणून ताडी महाग करणें भाग झालें. कायद्यानें ताडीची व्याख्याच अशी केली कीं आंबलेला रस ताडी आणि न आंबलेला रसही ताडी. पहाटेचा गोड रस आणि दुपारचा कैफी रस यांतील भेद निसर्गानें केला होता. कायद्यानें तो पुसून टाकला, कारण नेमका कोणत्या घटकेस एकाचा दुसरा होतो हें पाहण्यास प्रत्येक झाडाखालीं शिपाई बसविणें शक्य नव्हतें. रस मोजतां येत नाहीं, तर झाड मोजा. ज्या झाडाचा रस काढावयाचा त्याच्यासाठीं परवाना घ्यावयाचा, झाडावर खूण करावयाची, आणि झाडामागें कर भरावयाचा. माड, ताड, शिंदी, भेर्ली माड, जात जशी तसा दर. पूर्वीं भंडारी आपल्या उरलेल्या रसाची दारू गाळीत असे. तीही मोकळीक गेली.

कर झाडावर, रसावर नव्हे. यांतली मेख हिशेब केल्यावांचून दिसत नाहीं. पोय किडली, झाड रुसलें, उतरविणारा आजारी पडला, कीं रस नाहीं. पण कर आहेच. ज्याच्यापाशीं पन्नास झाडें तो हा तोटा सोसूं शकतो. ज्याच्यापाशीं पांच झाडें त्याला तो सोसत नाहीं. ठाणें जिल्ह्यांतील व मुंबईंतील भंडाऱ्यांनीं १८८० नंतरच्या दशकांत सरकारकडे अर्जांवर अर्ज केले, त्यांचें मुख्य गाऱ्हाणें वाढत्या झाडपट्टीचेंच होतें. दर कांहीं ठिकाणीं थोडे कमी झाले, पद्धत कायम राहिली. दुकानें लिलांवानें जाऊं लागलीं. लिलांव घेणारा पैसेवाला निराळा, झाडावर चढणारा निराळा, असें होत गेलें. जो आपल्या रसाचा धनी होता तो दुसऱ्याच्या दुकानासाठीं मजुरीनें चढूं लागला. कायद्याच्या कोणत्याही कलमांत हें लिहिलेलें नाहीं, पण कायद्याचा सर्वांत खोल परिणाम हाच झाला.

मोहाची गोष्ट याहून सरळ. डोंगरांतले लोक मोहाचीं फुलें वेंचून घरीं दारू गाळीत, आणि मोहाचीं पोतीं तर सगळीकडे हिंडत. तेव्हां १८९२ सालच्या तिसऱ्या कायद्यानें, म्हणजे मोह कायद्यानें, फुलांवरच बंधन आणिलें. हा कायदा खास ठाणें आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांवर रोखलेला होता. तोंवर पनवेल तालुका कुलाब्यांत आलेला, म्हणून गव्हाण दोन्ही हिशेबांनीं त्याच्या कक्षेंत. मोहाचीं फुलें हें डोंगरांतील गरिबांचें अन्न आहे, तीं ते वाळवून, भाजून, शिजवून खातात, हा आक्षेप निघाला होता. तो मानला गेला नाहीं. उरणच्या भट्टींत येणारीं फुलें मालाच्या नोंदींत बसत होतीं. कातकऱ्याच्या झोंपडींतलीं गुन्ह्याच्या नोंदींत.

विलायतेंतही यावर बोललें गेलें. ३० एप्रिल १८८९ रोजीं हाउस ऑफ कॉमन्समध्यें सॅम्युएल स्मिथ यानें हिंदुस्थानच्या अबकारी धोरणाविरुद्ध ठराव आणला आणि तो थोड्या मतांनीं कां होईना पण पास झाला. मात्र स्मिथ आणि त्याचा साथी केन यांची तक्रार अशी होती कीं सरकार लोकांना दारू पाजून पैसा करतें. भंडाऱ्याची तक्रार अशी कीं सरकार त्याला ताडी विकूं देत नाहीं. दोघेही एकाच खात्याविरुद्ध बोलत होते आणि दोघांना हवें होतें तें परस्परांच्या उलट होतें. हिंदुस्थानांतील मद्यपाननिषेधाच्या सबंध चळवळींत हा पेंच शेवटपर्यंत राहिला.

तो पेंच १९३० सालीं फार उघड झाला. मिठाचा कायदा मोडला जात होता. त्याच वर्षीं २५ सप्टेंबरला गव्हाणपासून जवळच असलेल्या चिरनेर येथें जंगल सत्याग्रहाच्या वेळीं गोळीबार होऊन माणसें मेलीं. मीठ, जंगल आणि अबकारी या तीन गोष्टींनीं खाडी आणि डोंगर यांमधल्या माणसास सरकार भेटत असे, आणि तिन्ही ठिकाणीं त्याचा राग सांठला होता. मीठ मोकळें करा, रान मोकळें करा, असें सत्याग्रही म्हणत. ताडीविषयीं मात्र त्यांचें म्हणणें निराळें होतें: झाडेंच तोडा. गांधीजींनीं सुरत जिल्ह्यांत शिंदीचीं झाडें तोडण्याचा उपदेश केला, आणि तेथें त्या वर्षीं हजारों झाडें पडलीं. सरकारचें उत्पन्न बुडवावयाचें हा एक हेतु, व्यसन तोडावयाचें हा दुसरा. ज्या घरांत आठवड्याची मजुरी शनिवारच्या रात्रींत संपत असे त्या घरच्या स्त्रीला हा उपदेश ऐकून काय वाटलें असेल हें सांगावयास नको. तिची बाजू खरी होती, आणि झाडावर चढणाराच्या गाऱ्हाण्याइतकी ती कागदावर उतरली नाहीं. पण झाड तोडल्यानें ज्याचें पोट गेलें तोही गरीबच होता. गांधीजींना हें दिसत नव्हतें असें नाहीं. १९३४ सालीं ग्रामोद्योग संघ निघाल्यावर त्यांनीं नीरा आणि ताडगूळ यांचा पुरस्कार आरंभिला, आणि गजानन नाईक यांच्यासारख्या कार्यकर्त्यानें त्या कामाला आयुष्य वाहिलें. चुना फांसलेलें मडकें हें असें दोन बाजूंमधल्या तडजोडीचें साधन ठरलें.

तडजोड चांगली होती, परंतु ती घड्याळावर उभी होती. नीरा पहाटे उतरवून ऊन चढण्यापूर्वी शहरांत पोंचली पाहिजे, थंड राहिली पाहिजे. थोडा चुना कमी पडला, थोडा उशीर झाला, कीं ती नीरा राहत नाहीं; आणि चुना जास्त झाला तर पिणारा तोंड वांकडें करतो. पुढें मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर नीरेचीं विक्रीकेंद्रें निघालीं आणि सकाळच्या गाडीचे पुष्कळ उतारू पेला रिचवून कामावर जात. तरीही जेवढे हात ताडीवर जगत होते तेवढे नीरेवर जगूं शकले नाहींत.

१९३७ सालीं काँग्रेसचें मंत्रिमंडळ आलें तेव्हां मुंबई इलाख्याच्या उत्पन्नांत अबकारीचा वाटा जवळजवळ चौथाईच्या घरांत होता. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळांत डॉ. गिल्डर यांच्याकडे हें खातें होतें. १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी झाली. बुडालेलें उत्पन्न भरून काढण्यास शहरांतील घरांच्या मिळकतींवर नवा कर बसविण्यांत आला, त्यामुळें घरमालकही खवळले. युद्ध आलें, मंत्रिमंडळ गेलें, बंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून सबंध राज्यांत बंदी लागू झाली. या कायद्यानें नीरेला ताडीपासून निराळें नांव दिलें. १८७८ च्या कायद्यानें जो भेद पुसला होता तो एकाहत्तर वर्षांनीं परत आला. मात्र आतां ताडी उतरविणें हा परवान्याचा प्रश्न न राहतां गुन्हा झाला. परवाना न मिळालेला भंडारी कांहीं दिवस वाट पाहत असे. आतां वाट पाहण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. मुलें गिरणींत गेलीं, गोदीवर गेलीं, शाळेंत गेलीं. शाळेंत गेलीं हें चांगलेंच झालें. पोय किती ठोकावी हें मात्र कोणी कोणास शिकविलें नाहीं.

आणि त्या वर्षांत लोक प्यावयाचे थांबले असेंही झालें नाहीं. खाडीच्या चिखलांत, कांदळवनाच्या आडोशाला हातभट्ट्या लागल्या. नवसागर आणि कुजका गूळ यांची ती दारू ताडीहून कितीतरी घातक होती, पण ती लपवितां येत असे. साठ फूट उंच झाडावर टांगलेलें मडकें लपवितां येत नाहीं. दारूबंदीनें या टापूंत उघडें व सौम्य पेय मारलें आणि छपलेलें व जहाल वाढविलें, हें म्हणण्यांत अतिशयोक्ति नाहीं.

१९६० नंतरच्या दशकांत महाराष्ट्र सरकारनें बंदी क्रमाक्रमानें सैल केली, आणि १९६८ सालीं ताडीचीं दुकानें व ताडीचीं झाडें यांविषयींचे नियम केले. दुकान पुन्हा उघडलें, पण झाडें उरलीं होतीं कोठें? याचें उत्तर शहरांतील दुकानांनीं आपल्या परीनें दिलें. झाडावरून न उतरलेली ताडी विकली जाऊं लागली. पाणी, साखरेचा पर्याय, फेंसासाठीं पूड, आणि कैफ येण्यासाठीं क्लोरल हायड्रेट नांवाचें झोंपेचें औषध. मुंबई, ठाणें, पुणें येथें अशी ताडी पुनःपुन्हा पकडली गेली आहे. ज्या पेयांत बाहेरून कांहींच घालावयाचें नसतें त्याच्या नांवानें बाहेरच्या वस्तूंखेरीज ज्यांत कांहींच नाहीं असें पेय खपावें, याहून मोठी विटंबना त्या नांवाची होणें नाहीं. द्राक्षाच्या मद्यास महाराष्ट्रानें २००१ सालीं उत्तेजनाचें धोरण दिलें, कारण नाशिकच्या शेतकऱ्याचा त्यांत लाभ होता. तें रास्तच झालें. ताडाच्या झाडाला तसा वकील मिळाला नाहीं.

गव्हाणच्या टापूंत तर खालची जमीनच बदलली. १९७० सालीं सिडको स्थापन झालें आणि नव्या मुंबईसाठीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील पंचाण्णव गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें. १९८४ च्या जानेवारींत जासई-दास्तानफाट्यावर शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पांच माणसें गेलीं. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील होते. नंतर न्हावा-शेव्याचें बंदर आलें, उलव्याच्या इमारती आल्या, जानेवारी २०२४ मध्यें शिवडीहून समुद्रावरचा पूल आणि उरणपर्यंतची रेल्वे आली, २०२५ मध्यें विमानतळ आला. जमिनीच्या भरपाईचे तक्ते निघाले तेव्हां त्यांत झाडांचेही रकाने होते, आणि झाडें पुन्हा एकदां मोजलीं गेलीं. १९६८ च्या नियमांप्रमाणें रस काढावयाचा असेल तर परवाना अद्यापि झाडागणिकच घ्यावा लागतो.